काळीचा प्लॉट

माहेराची काळी भावाच्या गं नावाची,
सासराची काळी कंथाच्या गं गावाची;
मधल्या वाटेवरची धूळ तेवढी माही,
पायाले लागली ते झटकली नाई.

आवाज मायचा होता. रोहण्याच्या शिवारात ती कापूस वेचायची. कंबरेची ओटी फुगत चाललेली, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली, आणि गाणं मात्र असं मऊ, की वाटावं कापसालाच गळा फुटला. धुऱ्यावर चिंचोके खेळत बसलेली लहानगी सुलोचना विचारायची, "माय, मंग तुही जमीन कोणती व?" माय हसायची आणि स्वतःच्या पायांकडे बोट दाखवायची. "हे काय, चिकटली हाय तेवढी."

माय गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण नदीत बुडी मारल्यावर कानात पाणी राहावं, तसं ते गाणं सुलोचनाबाईंच्या कानात राहून गेलं होतं. मान जरा कलती झाली की आत हलायचं.

लग्न होऊन त्या देवळीला आल्या, डोमाजींच्या घरी. पेरणीला पुढे, निंदणाला पुढे, वेचणीला सगळ्यांच्या पुढे. सातबाऱ्यावर मात्र डोमाजींचं नाव, आणि मागे रांगेत पोरं उभीच. सुलोचनाबाईंचं स्वतःचं नाव कोरलेली वस्तू घरात एकच होती, आंदणात आलेला, पाणी भरायचा पितळेचा गुंड. त्याच्या गळ्यावर 'सौ. सुलोचना' असं टिकल्याटिकल्यांनी ठोकलेलं. तो गुंड त्या कोणालाही घासू द्यायच्या नाहीत.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असावा. गल्लीतल्या चौघींची भिशी होती. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, जिची निघाली तिनं जमलेली रक्कम न्यायची आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या दुकानात जायचं. सगळ्यांच्या घरी स्टीलचे डबे उतरंडीसारखे छताला टेकायला आले होते. विमलाबाई तर लोहा-सिमेंटचे व्यापारी ओमप्रकाश यांच्या बायको. त्यांच्या फळीवरचे डबे दुकानातल्या गजांपेक्षा जास्त चमकायचे.

त्या दिवशी भिशी विमलाबाईंकडे होती. चिवडा खाता खाता रीतानं विषय काढला. रीता चौघींत धाकटी, अमरावतीची लेक. वर्ध्याच्या एका कॉलेजात कारकुनी करायची. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, आणि मधल्या वेळात जगात काय चाललंय ते ऐकून यायची.

"काकू, अजून किती डबे घ्याल? डब्यात घालायला आहे काय?"

"काय मतलब?" विमलाबाईंनी चिवड्याची बशी मागे घेतली.

"मतलब असा, की वर्षभर पैसे जमवू आणि प्लॉट घेऊ. गावाला लागून लेआउट पडून राहिलेत. भाव चढला की विकायचा. नफा चौघींचा."

"प्लॉट?" विमलाबाईंना ठसकाच लागला. "अगं, प्लॉट तर आदमी लोक घेतात."

"आणि डबे?"

"डबे बाया."

"म्हणूनच वर्षानुवर्षं भाव प्लॉटचा वाढतो, डब्याचा नाही."

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या अनुसयाबाई खो खो हसल्या. त्यांचा नवरा जाऊन कितीक वर्षं झाली होती. सारा जन्म दुसऱ्यांच्या वावरात रोजानं गेला. तोंडात दात मोजके, पण बोलणं अजून चावरं. "बरोबर बोलली पोरगी. डबा विकाले गेलं तं भंगारवाला वजनाचे पैसे देते. माणसाचे तं तेही देत नाई."

सुलोचनाबाईंच्या हातातली चहाची बशी जरा कलली होती.

"नाव कोणाचं लागन?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौघींचं," रीता म्हणाली.

"रजिस्ट्रीत? पुरं नाव?"

"पुरं. नवऱ्यासकट, आडनावासकट."

बशीतला चहा लुगड्यावर सांडला. मान कलती झाली होती, आणि कानातलं पाणी हललं होतं.

मग नियम ठरले. विमलाबाईंचा नियम, की इसार दिल्याशिवाय पुरुषांच्या कानावर जाता कामा नये. "नाई तर सलाह देतात, आणि मग सलाह आपली, पैसा आपला, प्लॉट त्यांचा." रीताचा नियम, की विकायचं तर चौघींच्या एकमतानं, एकीची जरी 'ना' असली तरी विकायचं नाही. अनुसयाबाईंचा नियम असा, की व्यवहार लहान असो की मोठा, ठरवायचा तो जागेवर, पानग्यांचा स्वयंपाक करून. "उपाशी पोटी जमिनीचं बोलू नये. जमीन रुसते."

सुलोचनाबाईंनी कुठलाच नियम घातला नाही. त्यांना फक्त नाव हवं होतं. पण 'भाव चढला की विकायचा' हे रीताचं वाक्य कुसळासारखं कुठंतरी अडकून बसलं. नाव लागायच्या आधीच पुसायचं ठरलं होतं की.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि हरिदास दलालानं चौघींना जागा दाखवायला नेलं. हरिदासची लुना पुढे आणि मागून ऑटोत चौघी. हा माणूस असा बोलका, की रस्त्यात म्हैस आडवी आली तरी तिला एखादा कोपऱ्याचा प्लॉट सुचवून पुढे जायचा. वर्ध्याच्या रस्त्यावर गाव संपतं तिथं एका वावराचं लेआउट पडलं होतं. दगड रोवलेले, चुन्याच्या रेघा आखलेल्या. वरचा भाग बरड. पांढुरका मुरूम, त्यावर वाळलेला तरोटा. खालचा भाग नाल्याकडे उतरत गेलेला, आणि तिथली माती काळी, खोल, लोण्यासारखी.

"हे पाहा वरची लाइन," हरिदासनं सुरू केलं, "रोडटच, पूर्वमुखी, एक नंबर..."

अनुसयाबाईंनी चप्पल काढली, टाच बरडावर आपटली. "अव बाई, हे तं तव्यावानी वाजते! इथं काय पिकन?"

"मावशी, प्लॉट आहे, पिकवायचं काय त्यात?" हरिदास हसला.

पण बाया ऐकतात थोड्याच! त्या उतारानं खाली गेल्यासुद्धा. अनुसयाबाईंनी खाली बसून बोटांनी उकरलं, मूठ भरली, दाबली, नाकाशी नेली. माती हातात लाडूसारखी वळली. "ढेकूळ पाहा कसं! हे माती नाई, दही हाय दही."

विमलाबाईंनी जन्मात मातीला हात लावला नव्हता. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत मसाला पाहावा तशी ती घेतली. "माल तर मऊ आहे. ज्या मालाला गिऱ्हाईकाचा हात आपोआप जातो, तो माल चांगला. आमचे हे असंच म्हणतात."

रीताला कागद कळायचे, माती नाही. "तुम्हा तिघींना पटत असेल तर माझी हरकत नाही. तुमचा जन्म गेला यात."

"माझा नाई गेला," विमलाबाई म्हणाल्या, "पण पटलं."

पिढ्यान् पिढ्या ज्या हातांनी काळी शोधली, त्या हातांना बरडावर बोट ठेव म्हणून कोणी सांगावं? गाय पाहायला गेलेला माणूस आधी कास पाहतो. मग ती गाय चित्रातली का असेना.

आणि इथंच सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं होतं.

रोहण्याला त्यांच्या भावानं घर बांधलं होतं, नव्या हौसेनं, वावराच्या काळ्या टोकावर. पहिल्याच उन्हाळ्यात खालची माती उलली, आणि घराची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. पावसाळ्यात माती फुगली, उन्हाळ्यात पुन्हा दबली. आता ती भेग एवढी रुंद होती, की घरातली मांजर दाराशी येऊन म्याव म्हणत नसे. सरळ भिंतीतून आत यायची. घरासाठी मुरूम हवा, बरड हवी, हे सुलोचनाबाईंना त्या मांजरीइतकंच पक्कं ठाऊक होतं.

शब्द जिभेवर आले. 'बायांनो, वरची घ्या.' एवढे तीन शब्द. आणि त्या क्षणी त्यांना पुढचं सगळं दिसलं. वरची घेतली की दोन सालांत गिऱ्हाईक येणार, रीता हिशेब सांगणार, चौघी 'हो' म्हणणार. काळीवर मात्र घर कोण बांधणार? कोणी घेणार नाही. कोणी घेणार नाही म्हणजे ती राहील. नावासकट राहील.

त्यांनी तोंड मिटलं.

समोर पाहिलं तर हरिदासही गप्प. आयुष्यात पहिल्यांदाच. ही खालची लाइन कुठल्याही शहाण्या माणसाच्या गळ्यात बांधता येणार नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्याची आणि सुलोचनाबाईंची नजरानजर झाली. त्याला कळलं की या बाईला कळतं. त्यांना कळलं की त्याला ते कळलंय. दोघांनीही माना फिरवल्या आणि नाल्याकडे बघत राहिले, जणू नाल्यातून कोणी पाहुणा येणार होता.

इसार दिला गेला. मग घरोघरी बातमी फुटली.

"अव, माह्या वावरात एवढी जमीन पडली असताना तुले ढेकळं विकत घ्याची काय गरज होती?" डोमाजी ओसरीवर तंबाखू मळत म्हणाले.

"ते तुमची हाय."

"माह्या नावावर काय, तुह्या नावावर काय, एकच ना?"

"एकच हाय ना? मंग असू द्या माह्या नावावर."

डोमाजींनी तंबाखू तोंडात टाकली. उत्तर सापडेपर्यंत तोंड बंद ठेवायला तंबाखूसारखी सोय नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी चौघी नवी लुगडी नेसून ऑफिसात गेल्या. रीता तेवढी साडीत. कारकुनानं कागदावरून मान वर करून विचारलं, "घेणारे मालक कुठं आहेत?"

"हे काय, चार उभ्या आहेत," विमलाबाई म्हणाल्या. "मोजून घ्या."

मालकांचे मालक बाहेर टपरीवर चहा पीत होते. सुलोचनाबाईंनी सही केली. शाळा चौथीपर्यंतच झालेली. अक्षरं गुंडावरच्यासारखीच टिकल्याटिकल्यांची आली. सही झाल्यावर त्या वाकून कागदावर हळूच फुंकर घालत राहिल्या. "वाळली काकू," रीता म्हणाली, तरी थांबल्या नाहीत.

ओमप्रकाशजी नागपूरहून माल घेऊन परतले आणि संध्याकाळी प्लॉट पाहायला गेले. पाहून आले ते पोट धरूनच.

"विमला, तुम लोगों ने घर के लिए जमीन ली या बैंगन के लिए? अगं, काळीवर पाया खोदायचा तर पाताळात जावं लागते! माझं सगळं सिमेंट त्यातच जाईल."

"मग बरंच झालं की. दुकान चालेल," विमलाबाई म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी भाजीत मीठ टाकलं नाही. मुद्दाम.

गावभर नाव पडलं, वांग्याचा बंगला. शेजारच्या काळीतल्या प्लॉटवर कोणी एक खोली बांधली होती. उन्हाळ्यात तिची भिंत तडकली आणि लोक सायकली थांबवून पाहू लागले. पानठेल्यावर कोणी डोमाजींना हटकून विचारायचं, "काय डोमाजी, बंगल्याचा स्लॅब कधी?" डोमाजीही काही कमी नव्हते. "भरीत झालं की सांगतो. येजो जेवाले."

चौघी भिशीला जमल्या तेव्हा रीता रडवेली झाली होती. "चूक झाली. मी चौकशी करायला हवी होती."

"चूक कायची?" सुलोचनाबाई घाईघाईनं म्हणाल्या. जरा जास्तच घाईनं. "गिऱ्हाईक येईन तवा येईन. तवरक पडीत काऊन ठेवाचं? दोन पावसं झाले की टोबून देऊ काहीतरी."

त्या वर्षी तूर टोबली. कडेनं अंबाडी, आत वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्या मातीनं असं काही उचलून धरलं की पाहत राहावं. दही म्हणाल्या होत्या अनुसयाबाई, ते खरंच विरजण निघालं. वांगी एवढी, की देठाला धरलं तर मनगट दुखावं. रीता एसटीतून उतरली की घरी जायच्या आधी वाफ्याशी थांबायची. कॉलेजातल्या साहेबाचा राग मिरच्या तोडण्यात निघून जायचा. विमलाबाई, ज्यांनी माती चिमटीत धरली होती, त्या आता कोपरापर्यंत हात घालून सांभार उपटायच्या आणि ओमप्रकाशजींच्या ताटात वाढताना म्हणायच्या, "घ्या, बंगल्याचा मुनाफा."

आणि सुलोचनाबाई? घरच्या वावरातलं काम उरकून त्या इथं यायच्या. घरच्या वावरात त्या चालायच्या घाईनं, इथं सावकाश. बांधावर चप्पल काढून ठेवायच्या. गुणगुणायच्या तेच जुनं, पण शेवटची ओळ गाताना पायांकडे बघून स्वतःशीच हसायच्या. परत निघताना पाय धुवायला नाल्यावर थांबायच्या नाहीत.

दर हिवाळ्यात जागेवर पानगे व्हायचे. पळसाच्या पानांत कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. बाजूला वांग्याची भाजी, तीही तिथलीच. डोमाजी आणि ओमप्रकाशजी पाहुणे म्हणून यायचे, चिडवायचे आणि चार चार खाऊन जायचे. नियमाप्रमाणे रीता दर वर्षी विचारायची, "यंदा विकायचा का?" आणि चौघी हसायच्या, कारण घेणारंच कोणी नव्हतं. त्या हसण्यात सुलोचनाबाईंचा आवाज सगळ्यांत मोकळा असे.

अशी वर्षं गेली. वरच्या बरडीवर घरं उठली, त्यांवर डिशच्या छत्र्या लागल्या. रस्ता रुंद झाला. लग्नं आता अंगणात आणि शाळेच्या पटांगणात होईनाशी झाली. लोकांना 'लॉन' हवं होतं. हिरवळ, कारंजं, खुर्च्यांना झालर, नवरदेवाला सिंहासन.

आणि एका सकाळी हरिदास आला. लुना जाऊन मोटरसायकल आली होती, केस मात्र गेले ते गेलेच. मागच्या सीटवर पांढऱ्या शर्टातला भूपेंद्र नावाचा माणूस, वर्ध्याचा, मंडप-डेकोरेशनवाला. तो वरच्या बरडीकडे बघेना. सरळ खाली उतरला, गुडघ्यावर बसला, माती उकरली, मूठ भरली, दाबली. अगदी अनुसयाबाईंसारखी.

"ही! हीच पाहिजे होती!" तो ओरडलाच. "मुरमावर लॉन लावून पाहिलं मी एका ठिकाणी. दर साल ट्रकनं माती टाका, तरी गवत पिवळं. या मातीत अशी हिरवळ येईल काकू, की वऱ्हाडी चपला हातात घेऊन चालतील. खालची सगळी लाइनच घेतोय मी. मला वर बांधायचं काहीच नाही, एक शेड फक्त. बाकी सगळं गवत."

आणि त्यानं भाव सांगितला. बरडीच्या प्लॉटांना मिळाला त्याहून चढा. हरिदासनं वर पुस्ती जोडली, "मी तर तेव्हाच ओळखलं होतं, बाया दूरचं पाहणाऱ्या आहेत. विशेषतः ह्या." आणि त्यानं सुलोचनाबाईंकडे बघून हात जोडले. नजरेत ती जुनी, नाल्याकाठची ओळख होती.

सुलोचनाबाई कसनुसं हसल्या. जी कधीच विकली जाऊ नये म्हणून निवडली, तीच सगळ्यांत महाग निघाली होती. देवाला थट्टा करायची हुक्की आली की तोसुद्धा पानठेल्यावरच्या माणसांसारखा वागतो.

देवळीत चिडवणारी तोंडं एका दिवसात बदलली. ओमप्रकाशजी दुकानात गिऱ्हाइकाला सांगू लागले, "अपनी मिसेस का जजमेंट है." विमलाबाई फुलून गेल्या. "सोन्याच्या पाटल्या करीन. यांच्या सिमेंटच्या पैशाच्या नाई, माझ्या मातीच्या." रीताला वर्ध्यात छोटा फ्लॅट पाहायचा होता, त्या दोन वेळच्या एसटीनं तिची कंबर गेली होती. आणि अनुसयाबाईंची नात मयुरी नर्सिंगच्या शिक्षणाला निवडली गेली होती. फी भरायची तारीख जवळ येत होती. म्हातारी बोलायची नाही, पण पदराच्या गाठीत चुरगळलेला फीचा कागद होता.

डोमाजी म्हणाले, "विका, चांगला भाव हाय. तुह्या नावानं बँकेत ठेवू. नावच पायजे ना तुले? पासबुकावर छापून येते, चांगलं मशीनीनं."

"हो," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि गुंड घासायला घेतला. आधीच लख्ख होता. घासून घासून त्याच्यावरच्या टिकल्या बुजतात की काय असं डोमाजींना वाटलं.

एक 'ना' म्हटली की थांबेल सगळं. नियम होता तसा. पण ती 'ना' मयुरीच्या अंगावर पडणार होती, हेही त्यांना दिसत होतं. भाजी निवडताना, भाकर थापताना, दोन्ही बाजू त्या उलटून पालटून पाहत राहिल्या आणि कुठलीच बाजू भाजली जाईना.

ठरल्याप्रमाणे रविवारी जागेवर पानगे झाले. भूपेंद्र जेवणानंतर इसार घेऊन येणार होता. डोमाजी आणि ओमप्रकाशजी पलीकडे बाभळीखाली वरणाची चव बघण्याच्या निमित्तानं अर्धं वरण संपवत होते. ऊन कोवळं होतं. तुरीच्या शेंगा वाळत आल्या होत्या, वारा आला की खुळखुळायच्या. जणू कोणी पैंजण घालून वाफ्यावाफ्यातून फिरत होतं.

रीतानं घसा साफ केला. "तर काकू, शेवटचं विचारते. विकायचा का? विमलाकाकू?"

"हो हो."

"अनुसयामावशी?"

अनुसयाबाईंनी आरातून एक पानगा बाहेर ओढला. "हो."

"माझं हो. सुलोचनाकाकू?"

सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं. बऱ्याच वर्षांपूर्वी इथंच उघडलं होतं तसं. मिटणार होत्या, तेवढ्यात वारा आला आणि तूर खुळखुळली.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काळीवर घर उभं राह्यत नाई, ते. रोहण्याले माह्या भावाच्या भिंतीतून मांजर येते-जाते. त्या दिवशी वरची घ्या म्हणाचं होतं मले. जिभेवर आलतं. म्हटलं नाई."

विमलाबाईंच्या हातातली पळी भाजीतच राहिली. "म्हणजे... वांग्याचा बंगला, वांग्याचा बंगला म्हणून गावानं आम्हाले सोललं, अन् तुले माहीत होतं?"

"हो."

"अरे देवा! अन् मी यांच्या भाजीत मीठ टाकलं नाई! बेचारे!"

रीता जवळ सरकली. "पण का, काकू?"

उत्तर यायच्या आत खुसखुस ऐकू आली. अनुसयाबाईंचे खांदे हलत होते. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुले काय वाटलं व, तू एकटीच चूप होती? सारा जन्म मातीत गेला माहा. मले का काळीच्या भेगा माहीत नोत्या? पर समोर अशी माती असताना बरडावर बोट ठेवाले हातच नाई झाला. जन्मभर दुसऱ्याच्या काळीत राबली. म्हटलं, एकदा आपलीच्यात पाय टाकून पाहू."

"मतलब येडी मी एकटीच!" विमलाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मी अन् ही रीता!"

आता रीतालाही हसू आलं, आणि मग चौघींना असं काही आलं, की बाभळीखालून डोमाजींनी ओरडून विचारलं, "काय झालं व? पानगा जळला काय?"

"नाई जी," अनुसयाबाई ओरडल्या, "निवला!"

हसू ओसरलं. रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज ऐकू आला. हरिदास आणि भूपेंद्र वळणावर दिसू लागले. रीतानं डोळे पुसले आणि सुलोचनाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काकू, मग आता? हो म्हणायचं, की ना? नियम आहे. तुम्ही म्हणाल तसं."

सुलोचनाबाईंनी अनुसयाबाईंच्या पदराची गाठ पाहिली. मग चप्पल काढलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत माती बसली होती. माय असती तर तिनं याच मातीकडे बोट दाखवलं असतं.

"तुमी तिघी इका," त्या म्हणाल्या. "मयुरीचं अडू नोको. पर माह्या वाट्याचे पैसे नोको मले, बायांनो. माह्या वाट्याची माती द्या. हे नाल्याकडची, वांग्याच्या वाफ्याची. त्याच्या लॉनाच्या कडेले राहीन, त्याचं काई बिघडवणार नाई. मले कधीच इकाची नोती. पयल्या दिवसापासून नोती. मले ते फक्त माही म्हणून पायजे होती."